उत्खननाचे 'घरकाम' : जोन गेरो यांच्या मांडणीचे पुनर्वाचन

पुरातत्त्वविद्येतील स्त्रियांच्या स्थानाविषयी गेल्या चार दशकांत जे लेखन झाले, त्यात जोन गेरो यांचा 'अमेरिकन अँटिक्विटी' या नियतकालिकातील १९८५ चा लेख पायाभूत ठरतो. 'घरातील स्त्री' ही अमेरिकन समाजातील प्रतिमा ज्ञानव्यवहारातही वावरते, असे त्यांचे प्रतिपादन आहे. पुरुष क्षेत्रावर जातो, खणतो, 'शोध' लावतो. स्त्री त्याने आणलेली खापरे, हाडे, धान्याचे दाणे प्रयोगशाळेत बसून निवडते, मोजते, नोंदवते. गेरो यांनी याला 'पुरातत्त्वीय घरकाम' म्हटले. शब्द झोंबणारा आहे, आणि तो झोंबावा म्हणूनच योजला आहे.

लेखाचे बळ मात्र शब्दात नसून पुराव्यात आहे. पीएच.डी. प्रबंधांचे विषय आणि नॅशनल सायन्स फाउंडेशनची अनुदाने तपासून त्यांनी क्षेत्रीय कामातील विषमता दाखविली. अनुदान मिळाले की स्थळ मिळते. स्थळावर विद्यार्थी, अहवाल आणि पुढे पद अवलंबून असते. तथापि 'घरकाम' ही उपमा प्रयोगशाळेतील कामाचे दुय्यमत्व नाकारते की गृहीत धरते, हे या लेखात संदिग्ध राहते. उत्तर त्यांच्याच १९९३ च्या लेखात सापडते. अमेरिकेतील आद्य शिकाऱ्यांच्या अभ्यासात पुरुष संशोधक टोकदार अस्त्रांकडे वळले. दगडी छिलक्यांच्या कडांवरील झीज तपासण्याचे काम स्त्रियांनी केले. त्या झिजेतून वनस्पतींवरील प्रक्रियेसारखी कामे उघड होत होती. परंतु त्या निष्कर्षांची दखल घेतली न गेल्याने 'महाशिकारी' पुरुषाचे चित्र अबाधित राहिले. येथे विषमतेची किंमत केवळ स्त्रियांनी नव्हे, तर भूतकाळाच्या आकलनानेही मोजली आहे. हा मुद्दा मला १९८५ च्या लेखापेक्षा अधिक मोलाचा वाटतो.

लिन गोल्डस्टीन व सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये याच नियतकालिकात वेगळा प्रश्न मांडला. अर्ज केलेल्या स्त्रियांना अनुदान मिळण्याचे प्रमाण पुरुषांइतकेच दिसते, मात्र पीएच.डी.नंतर अर्जच कमी येतात. ही माहिती महत्त्वाची असली, तरी यशाचे समान प्रमाण म्हणजे समान संधी नव्हे. अर्ज न करणाऱ्या व्यक्ती त्या गणितात येतच नाहीत. ज्यांनी आठवड्याच्या तासिका आणि परीक्षेची कामे सांभाळून कधी संशोधन प्रस्ताव लिहिला आहे, त्यांना हे निराळे सांगावयास नको.

हे निष्कर्ष भारतास जसेच्या तसे लावता येणार नाहीत. येथे उत्खननाची परवानगी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून घ्यावी लागते आणि मोठी उत्खनने संस्थांच्या नावे होतात. त्या सर्वेक्षणाच्या महासंचालकपदी देबला मित्रा १९८१ मध्ये आल्या, हे खरे; परंतु एका नियुक्तीवरून विद्याशाखेची अवस्था कळत नाही. त्यासाठी नेवासे, इनामगाव यांसारख्या स्थळांचे अहवाल हाती घेऊन मुखपृष्ठावर कोणाची नावे आहेत आणि खापरांच्या, हाडांच्या व धान्यावशेषांच्या प्रकरणांखाली कोणाची, हे पाहावे लागेल.