‘हेन्री पद्धती’ : श्रेय आणि गणित यांची एक चिकित्सा

प्रास्ताविक

इंदूरचे होळकर महाविद्यालय १८९१ मध्ये सुरू झाले. त्याच वर्षी एडवर्ड हेन्री बंगालचे पोलीस महानिरीक्षक झाले. पुढील काही वर्षांत त्यांच्या कलकत्त्यातील कचेरीत बोटांच्या ठशांच्या वर्गीकरणाची जी रीत तयार झाली, तिला जगभर ‘हेन्री पद्धती’ म्हणतात. न्यायसहायक विज्ञानाच्या वर्गात हे नाव आजही सहजपणे शिकवले जाते. या नावामागे दोन प्रश्न दडलेले आहेत : हे संशोधन कोणाचे, आणि त्याचे गणित कुठपर्यंत टिकते? प्रस्तुत लेखात या दोहोंचा एकत्रित विचार केला आहे.

गणिताचे स्वरूप

खरी अडचण ठसे घेण्याची नव्हती, ठेवलेले ठसे पुन्हा सापडण्याची होती. हजारो कागदांतून एक कागद शोधायचा कसा? कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात शिकलेले तरुण उपनिरीक्षक काझी अझीझुल हक यांनी याला गणिती उत्तर दिले. दहा बोटांच्या पाच जोड्या करायच्या आणि प्रत्येक बोटावर चक्र आहे की नाही एवढेच पाहायचे. एका जोडीत चार शक्यता. म्हणून पाच जोड्यांत चाराचा पाचवा घात, म्हणजे १०२४. बत्तीस गुणिले बत्तीस खणांचे कपाट यातून तयार होते.

चक्र असेल तर पहिल्या जोडीस १६, मग ८, ४, २ आणि १ असे मूल्य मिळते. जोडीतील सम क्रमांकाच्या बोटांची बेरीज अंशात, विषम क्रमांकाच्या बोटांची छेदात, आणि दोहोंत एक मिळवायचा. उजव्या हाताचा अंगठा आणि डाव्या हाताची करंगळी या दोनच बोटांवर चक्र असेल तर खण २/१७ येतो. ही द्विमान पद्धतीच होय. आपल्याकडील शंख आणि चक्र ही घरोघरची ओळख येथे शास्त्रीय वर्गीकरणाचा पाया बनली. हक यांचे सहकारी हेमचंद्र बोस यांनीही या कार्यात मोलाचा वाटा उचलला. १८९७ मध्ये कलकत्त्यात ठसे कार्यालय सुरू झाले आणि १९०१ मध्ये ही रीत लंडनच्या स्कॉटलंड यार्डात पोहोचली.

श्रेयाचा प्रश्न

१९०० मध्ये प्रसिद्ध झालेल्या वर्गीकरणविषयक पुस्तकावर लेखक म्हणून एकट्या हेन्रींचे नाव आहे. हक यांना ‘खानबहादुर’ किताब मिळाला तो १९२४ मध्ये. १९२६ मध्ये हेन्रींनी लेखी मान्य केले की, ही पद्धती पूर्णत्वास नेण्यात आपल्या कर्मचाऱ्यांपैकी सर्वाधिक वाटा हक यांचा होता. म्हणजेच ही कबुली पुस्तकानंतर पाव शतकाने आली. २००५ मध्ये ‘करंट सायन्स’ मध्ये जी. एस. सोधी आणि जसजीत कौर यांनी या विस्मृत भारतीय संशोधकांवर लेख लिहिला, तो याच दृष्टीने महत्त्वाचा ठरतो.

तथापि, येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. हेन्रींचे प्रशासकीय कार्य नाकारून सर्व श्रेय हक यांच्याकडे वळवणे हाही अन्यायच होईल. पद्धती राबवणे आणि तिच्यासाठी शासनाची मान्यता मिळवणे हे हेन्रींचे काम. खणांचे गणित हे हक यांचे. कोणी काय केले, हे वेगळे मांडणे हीच संशोधनातील खरी कृतज्ञता होय.

गणिताची मर्यादा

श्रेय मिळाले म्हणून गणित निर्दोष ठरत नाही. १०२४ खण समान भरत नाहीत. कोणत्याच बोटावर चक्र नसलेल्या व्यक्ती पुष्कळ असल्याने १/१ हा खण फुगतो. एका बोटावर चक्र असेल तर दुसऱ्यावर असण्याची शक्यता वाढते. म्हणजे बोटे ही स्वतंत्र घटना नव्हेत. म्हणूनच पुढे रेषांच्या मोजणीचे उपवर्ग करावे लागले. शिवाय, खण सापडणे आणि ठसा विशिष्ट व्यक्तीचाच असल्याचे सिद्ध होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. २००४ च्या माद्रिद स्फोट प्रकरणात अमेरिकेच्या तपास यंत्रणेने एका निरपराध वकिलाचा ठसा चुकीने जुळवला. पुढे २००९ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या अहवालाने डीएनए वगळता बहुतेक पद्धतींचा शास्त्रीय पाया अपुरा तपासलेला असल्याचे स्पष्ट केले.

समारोप

हा प्रश्न केवळ इतिहासाचा नाही. एप्रिल २०२२ मध्ये राष्ट्रीय स्वयंचलित ठसे प्रणालीच्या साहाय्याने मृत व्यक्तीची ओळख पटवणारे मध्य प्रदेश हे देशातील पहिले राज्य ठरले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने सात वर्षे वा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायसहायक तज्ज्ञांच्या घटनास्थळ-भेटीची तरतूद केली आहे. राज्य सरकारांना ती पाच वर्षांच्या आत लागू करायची आहे. उद्या एखाद्याचे स्वातंत्र्य या शास्त्राच्या अचूकतेवर अवलंबून राहील. तेव्हा इंदूरसारख्या शहरातील महाविद्यालयांत गणिताच्या प्राध्यापकाने हे खण फळ्यावर मांडून दाखवावेत, त्यातील गृहीतके विद्यार्थ्यांकडून तपासून घ्यावीत आणि ते कोणी मांडले हेही सांगावे. हक यांचे नाव अभ्यासक्रमात यायला हवे, कारण ते खरे आहे. आणि त्यांचे गणित तपासले जायला हवे, कारण कोणत्याही गणितज्ञाला याहून मोठा सन्मान नाही.