कवी स्वतः म्हणतो तेव्हा



पत्रिकेत आजचा विषय जरा मोघम छापलाय, 'कवी रंगमंचावर'. मला बोलायचंय ते एकाच कवीवर, सुरेश भटांवर. तेही त्यांच्या पुस्तकांवर नाही. आपल्या गझला ते स्वतः म्हणायचे, त्या म्हणण्यावर. नंदनवनात बसून भटांवर बोलायला फार लांब जावं लागत नाही. रेशीमबाग इथून जवळच आहे आणि तिथे त्यांच्या नावाचं सभागृह आहे. 2017 साली सुरू झालं, 2000च्या आसपास खुर्च्या आहेत. त्या सभागृहाशी माझं थोडं भांडण आहे, पण ते नंतर.

चरित्र तुम्हाला माहीत आहे, म्हणून भराभर सांगतो. 1932 साली अमरावतीत जन्म, लहानपणी पोलिओनं एक पाय अधू, 2003च्या मार्चमध्ये इथं नागपुरात निधन. 'रूपगंधा' 1961चं, 'रंग माझा वेगळा' 1974चं, 'एल्गार' 1983चं, 'झंझावात' 1994चं. झालं.

आता बघा, बहुतेक महाराष्ट्राला भट भेटले ते दुसऱ्यांच्या आवाजातून. हृदयनाथ मंगेशकरांची चाल आणि लताबाई किंवा आशाबाईंचा गळा. 'सिंहासन', 'उंबरठा' हे सिनेमे. ते वाईट झालं असं म्हणणारा मी कोण? ती गाणी नसती तर कवितेचं पुस्तक कधी हातात न धरणाऱ्या घरात भट पोचले नसते. पण गाणं झालं की कवितेचं काय होतं, याचा हिशेब आपण फारसा मांडत नाही. आणि तो हिशेब मला कळला तो भटांना एका लहान सभागृहात ऐकलं तेव्हा. 'एल्गार' येऊन गेला होता. शाळेचा हॉल, दोन-अडीचशे माणसं, पंखे कुरकुरणारे, पुढची दहा-वीस माणसं सतरंजीवर. तबला नाही, पेटी नाही.

भट तरन्नुममध्ये म्हणायचे. तरन्नुम म्हणजे गाणं नव्हे बरं का. एक साधी चाल असते, दोन-चार सुरांतच फिरणारी, आणि तिचं काम एवढंच की वृत्त कानाला दिसावं. गायक सुराकडे लक्ष वेधतो, तरन्नुम शब्दाकडे. आवाज गवयाचा नव्हे, पण भारदस्त, आणि शब्दाची कड स्पष्ट. 'ळ' आणि 'ल', 'न' आणि 'ण' यांच्यात गल्लत नाही. आपल्याकडे वैदर्भीय माणसाच्या 'न-ण'वर पुण्याकडचे लोक हसतात, त्यांना ते ऐकवायला हवं होतं.

'केव्हातरी पहाटे' घ्या. आशाबाईंच्या आवाजात सगळ्यांना पाठ आहे. वृत्त आनंदकंद. एका ओळीत 24 मात्रा, 12 आणि 12 असे दोन सारखे तुकडे, मध्ये यती. कागदावर हे वाचून कळतं. गाण्यात ते चालीत विरघळतं, कारण चालीला तिचे स्वतःचे थांबे असतात. कवीच्या तोंडून ऐकताना तो मधला थांबा जिन्याच्या पायरीसारखा पायाला लागतो. पहिला मिसरा म्हणायचा, थांबायचं, पुन्हा म्हणायचा. या दुसऱ्या म्हणण्यातच सगळी गंमत आहे. पहिल्यांदा तुम्ही अर्थ ऐकता. दुसऱ्यांदा तुम्ही पुढच्या ओळीचा अंदाज बांधता. रदीफ तुम्हाला ठाऊक आहे, प्रत्येक शेराच्या शेवटी रात्र निघून जाणार आहे. काफियाही ठाऊक आहे. प्रश्न एवढाच, की तिथपर्यंत हा माणूस कोणत्या वाटेनं नेणार? आणि नेतो तेव्हा शेवटचा शब्द सगळा हॉल त्याच्याबरोबर म्हणतो.

इथं एक कारागिरीची गोष्ट सांगतो. या गझलेचे काफिये सगळे 'ऊन'वर संपणारे आहेत. मराठीत कुठल्याही क्रियापदाला 'ऊन' लावा, काफिया तयार. शेकडो मिळतील. नवशिका म्हणेल, वा, किती सोपं! पण काफिया इतका स्वस्त झाला की त्यातलं नवल संपतं, आणि सगळा भार त्याच्या आधीच्या शब्दांवर येतो. भटांनी तो पेलला, हे मला पुस्तकातून कधीच इतकं कळलं नव्हतं. त्या दुसऱ्यांदा म्हटलेल्या ओळीनं कळलं. त्यांनी 'गझलेची बाराखडी' लिहिली, नव्या पोरांच्या गझला पत्रांतून दुरुस्त करून दिल्या, ते याच कानानं.

आता हे वऱ्हाडातच का घडलं? माधव ज्यूलियनांची 'गज्जलांजली' 1933ची, म्हणजे आकृतिबंध मराठीला आधीच माहीत होता. पण ज्यूलियनांची गझल विद्वानाची, फारसीच्या अभ्यासातून आलेली. अमरावती, अचलपूर, अकोला, इकडे आपलं कामठी, या गावांत उर्दू ही शेजारच्या घरची भाषा. वऱ्हाड एकेकाळी निजामाचं. मुशायऱ्यात दाद मध्येच द्यायची असते, हे इथल्या माणसाला शिकवावं लागलं नाही. आपला एरवीचा मराठी श्रोता कसा? कविता संपेपर्यंत गप्प, मग शिस्तीत टाळ्या. गझलेला हे चालत नाही. तिचा प्रत्येक शेर स्वतंत्र असतो, तिथल्या तिथे त्याचा निकाल लागायला हवा. भटांनी मराठी कवीइतकाच मराठी श्रोताही घडवला, आणि तो अशा हॉलांमध्ये घडवला.

पण याचीच दुसरी बाजू आहे आणि ती सांगितली नाही तर हे व्याख्यान नुसतं आरतीचं ताट होईल. दाद ही वाईट सवय आहे. समोर दोनशे माणसं दर चौथ्या मिनिटाला वाहवा म्हणत असतील, तर कवीला कळायला लागतं की कुठल्या ओळीवर ती येते. 'एल्गार'मधले आणि त्यानंतरचे काही शेर मला त्या दादेसाठी लिहिलेले वाटतात. एकीकडे 'मी', दुसरीकडे दगा देणारं जग. पहिल्या ओळीत जखम, दुसऱ्या ओळीत चपराक. हॉलमध्ये अंगावर काटा येतो. घरी येऊन दिव्याखाली वाचलं की काटा बसतो, आणि लक्षात येतं की ही चपराक आपण तीन पानांपूर्वीही खाल्ली होती. याउलट काही हळू आवाजातले शेर, प्रेमाचे, थकव्याचे, त्या संध्याकाळी निम्म्या लोकांच्या डोक्यावरून गेले. दाद पडली नाही. आज माझ्याजवळ उरलेत ते तेच. आता मला विचाराल की मोठा कवी कोणता, चपराक मारणारा की तो दुसरा, तर मी दुसऱ्याच्या बाजूनं. सभागृहात अनेकांचं मत वेगळं असेल, मला चेहरे दिसतायत.

इथं वामनदादा कर्डकांची आठवण काढल्याशिवाय राहवत नाही. 1922 सालचा, सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचा माणूस. 1943पासून 2004 साली जाईपर्यंत गाणी लिहीत आणि स्वतः गात राहिला. दीक्षाभूमीच्या या शहराला वामनदादा वेगळे सांगायला नकोत. त्यांचं ऐकणं मात्र भटांच्या अगदी उलट. उघडं मैदान, ढोलकी, पेटी, मागे कोरस, समोर हजारो माणसं. ओळ दुसऱ्यांदा येते ती तुम्ही अंदाज बांधावा म्हणून नाही, तुम्ही सोबत म्हणावी म्हणून. आणि शेवटी 'वामन' ही नाममुद्रा. भट सहसा मक्त्यात नाव घालत नाहीत, पण त्यांचा 'मी' सगळीकडे. वामनदादा नाव घालतात आणि गाणं मात्र सगळ्यांचं असतं. हे मला फार गमतीदार वाटतं. दोघेही स्वतःचं लिहिलेलं स्वतः म्हणणारे. एकाला मैदान लागतं, दुसऱ्याला खोली.

आणि म्हणून त्या सभागृहाशी भांडण. 2000 खुर्च्यांत नाटक होतं, ऑर्केस्ट्रा होतो, निरोप समारंभ होतात. गझल म्हणता येत नाही. शेवटच्या रांगेतल्या माणसाची 'वाहवा' मंचापर्यंत पोचत नाही, आणि मंचावरच्याचा श्वास शेवटच्या रांगेत ऐकू येत नाही. येतो तो स्पीकरचा. भटांच्या जयंतीला 15 एप्रिलला तिथं त्यांची गाणी वाद्यवृंदासह झाली तर खुशाल होवोत. भीमराव पांचाळ्यांसारखे गझल गाणारे येवोत. पण त्याच दिवशी त्याच इमारतीत कुठल्या तरी खोलीत शंभर माणसांना खाली बसवून, माइक बंद करून, कुणी नुसत्या गझला म्हणून दाखवाव्यात. नवे लिहिणारे विदर्भात ढिगानं आहेत. त्यांना आज दाद मिळते ती मोबाइलवर, अंगठ्यानं. त्यात मिसरा दुसऱ्यांदा म्हणायची सोयच नाही.

शेवटचं एक काम सांगतो. त्या काळात नागपूर-अमरावतीकडे घरगुती बैठकींत लोक टेपरेकॉर्डर घेऊन बसायचे. भटांच्या आवाजातल्या कॅसेटी अजून कुणाकुणाच्या माळ्यावर, जुन्या गाद्यांच्या खाली पडून असतील. ती फीत ओलाव्यानं चिकटते, बुरशी धरते. कुणाकडे असतील तर प्लेअरमध्ये घालून बघू नका, तुटेल. पुठ्ठ्याच्या खोक्यात कोरड्या जागी ठेवा आणि चहाच्या वेळी मला भेटा. डिजिटल करून देणारी माणसं आहेत. आता प्रश्न घेऊ या. हं, मागे कुणाचा तरी हात वर आहे.