साठ वेळा चावलेला घास

'द मॅन हू स्कीड डाउन एव्हरेस्ट' या माहितीपटात नायक स्वतः फारसा बोलत नाही. बोलते ती त्याची डायरी, तीही दुसऱ्याच्या आवाजात. आवाज डग्लस रेनचा. कुब्रिकच्या '2001: अ स्पेस ओडिसी'मधला हॅल नावाचा संगणक ज्या थंड, समंजस स्वरात माणसांना मारायला निघतो, तोच हा स्वर. ज्याने ही निवड केली त्याला आपण काय करतोय हे कळत होतं की नाही, मला माहीत नाही. पण परिणाम विलक्षण होतो. पडद्यावर एक माणूस जिवावर उदार झालेला, आणि कानात मात्र शरीर नसलेला, धापा न टाकणारा, न थकणारा आवाज. दीड तास आपण एका देहाची गोष्ट बघतो आणि ऐकू येतं ते निव्वळ मन.

हा नायक म्हणजे जपानी स्कीपटू युइचिरो मिउरा. एव्हरेस्टवरून उतरले तेव्हा ते 37 वर्षांचे होते. 1964मध्ये इटलीत त्यांनी ताशी 172 किलोमीटरच्या वेगाने स्की करून विक्रम केला होता, 1966मध्ये पाठीला हवाई छत्री बांधून फुजी पर्वतावरून उतरले होते. त्याच्या पुढची पायरी म्हणून 6 मे 1970 रोजी ते एव्हरेस्टच्या साउथ कोलवर, सुमारे आठ हजार मीटर उंचीवर, स्की बांधून उभे राहिले. कॅनडात तयार झालेला हा माहितीपट 1975 सालचा. त्याला ऑस्कर मिळालं.

प्रत्यक्ष उतरणं अवघं दोन-अडीच मिनिटांचं. उरलेला चित्रपट त्या दोन-अडीच मिनिटांकडे पायी चालत जातो. शेकडो हमालांची रांग, ओझ्याखाली वाकलेल्या माना, नदीवरचे पूल, मग खुंबूचा हिमप्रपात. 5 एप्रिलला तिथे बर्फ कोसळून मोहिमेतले सहा शेर्पा गेले. चित्रपट हे लपवत नाही, पण निवेदनाच्या त्या सुरेल, चिंतनशील लयीत तो शोकही देखणा होऊन जातो. मला हा भाग प्रत्येक वेळी टोचतो. मिउरांच्या शरीराचं कौतुक करताना ते शरीर तिथवर पोचवायला किती शरीरं लागली, हा हिशेब बाजूला ठेवता येत नाही. कॅमेऱ्याने निदान त्या माना आणि पिंढऱ्या टिपून ठेवल्या आहेत. निवेदन ज्यावरून तरंगत पुढे जातं, ते चित्रात शिल्लक राहतं.

आणि मग ते उतरणं. डोक्यावर हेल्मेट, पाठीवर ऑक्सिजन. छत्री उघडते, पण त्या विरळ हवेत आणि उलटसुलट वाऱ्यात तिचा आधार पुरत नाही. खालचा बर्फ काचेसारखा टणक. स्कीच्या कडा त्यात रुतत नाहीत, नुसत्या खडखडतात, आणि तो खडखडाट घोट्यातून गुडघ्यात, गुडघ्यातून मांडीत चढतो. मग तोल जातो. माणूस राहत नाही, एक ठिपका राहतो, सुमारे चारशे मीटर घरंगळत जाणारा. कड्याच्या पायथ्याशी हिमनदी फाटून झालेली प्रचंड भेग आहे. तिच्या 75-76 मीटर अलीकडे तो ठिपका थांबतो.

स्कीइंगची थोडीफार जाण असलेल्या प्रेक्षकाला इथे एक गोष्ट खटकते: यात वळण जवळजवळ नाहीच. वेग कुणालाही मिळतो, गुरुत्वाकर्षण फुकट आहे. कौशल्य असतं ते वळणात. बाहेरच्या पायावर भार सोपवायचा, स्कीची कड बर्फात दाबायची, गुडघा हळूहळू वाकत असताना मांडीने तो भार धरून ठेवायचा आणि वळण संपताच सोडून द्यायचा. स्नायू इथे आखडत नाही, ताणला जात असताना तग धरतो. जिना चढून आल्यावर दम लागतो, पण गड उतरून आल्यावर दुसऱ्या दिवशी मांड्या धरतात, त्याचं कारण हेच. 1970च्या त्या उतरणीत मिउरांच्या मांड्यांना हे काम करायची संधीच मिळाली नाही. धाडस म्हणून ती उतरण थोर आहे. स्कीइंग म्हणून मी तिला फार गुण देणार नाही.

मात्र हाच माहितीपट आज, पुढचं सगळं माहीत असताना बघितला की वेगळा दिसू लागतो. चित्रपटाला वाटतं की आपण एका आयुष्याचा कळस टिपतोय. प्रत्यक्षात त्याने टिपला तो उंबरठा. थांबलेला तो ठिपका उठून उभा राहिला आणि पुढे अर्धशतक हलत राहिला. त्या अर्धशतकावर मात्र कुणी असा दिमाखदार चित्रपट काढला नाही, कारण त्यात दाखवण्याजोगं बहुतेक काही घडत नाही. चालणं, चावणं, वजन उचलणं, झोपणं.

मधे एक खड्डा आहे, आणि माझ्या मते या सगळ्या कथेची किल्ली त्यात आहे. 1985पर्यंत मिउरांनी सातही खंडांतल्या सर्वोच्च पर्वतांवरून स्की केलं. मग करण्यासारखं काही उरलं नाही. खाणं-पिणं सैल सुटलं, वजन वाढलं, रक्तदाब आणि साखर दोन्ही चढले, छातीत दुखू लागलं. पासष्टीच्या सुमाराला साप्पोरोजवळचा मोइवा नावाचा साडेपाचशे मीटरही उंच नसलेला डोंगर त्यांना चढवेना. ज्या डोंगरावर मुलाबाळांना घेऊन लोक सहलीला जातात, तिथे एव्हरेस्टवरून उतरलेला माणूस अर्ध्यात बसला. हे शरीर आळशी माणसाचं नव्हतं, पण आता त्याच्यासमोर उतार नव्हता.

घरातच दुसरं उदाहरण होतं. वडील, केइझो मिउरा. जन्म 1904, आओमोरी. वनखात्यातली नोकरी, डोंगरांची छायाचित्रं आणि हाक्कोदाच्या रांगेत आयुष्यभर स्की. मुलगा जगभर गाजत असताना हे गृहस्थ 77व्या वर्षी मुलगा आणि नातवाबरोबर किलिमांजारोवर होते. नव्वदीनंतर स्की करताना त्यांची हाडं मोडली, एकदाच नव्हे. तरी त्यांनी ठरवलं की 99व्या वर्षी माँ ब्लाँच्या व्हॅले ब्लांश हिमनदीवरून उतरायचं. मुलाने हे ऐकलं आणि स्वतःच्या पोटाकडे पाहिलं असावं. त्याने ठरवलं, मग आपण सत्तरीत एव्हरेस्ट चढायचं.

केइझोंची दिनचर्या जपानमध्ये दंतकथा झाली आहे, पण तिच्यात चमत्कार काही नाही. म्हातारपणी एकटे राहायचे, स्वतःचा स्वयंपाक स्वतः करायचे. न पॉलिश केलेला तांदूळ, आंबवलेलं सोयाबीन, समुद्री शेवाळ, आणि प्रेशर कुकरमध्ये हाडं मऊ होईपर्यंत शिजवलेली कोंबडी, जी हाडांसकट खायची. प्रत्येक घास साठ वेळा चावायचा. आपल्याकडे आजोबा पंगतीत बत्तीस वेळा सांगून थकायचे, आणि ते स्वतःही पाळत नसत. सकाळी मानेचे व्यायाम, उठाबशा, तोंड पूर्ण उघडून जीभ बाहेर काढायचा एक विचित्र व्यायाम, आणि चालणं.

हे सगळं वाचताना दीर्घायुष्याच्या पुस्तकांची आठवण येते, आणि तिथेच वाचणारा फसतो. केइझो शंभरी गाठण्यासाठी चावत नव्हते. मानेचा व्यायाम कशाला? वळणाच्या आधी उताराकडे आणि मागून येणाऱ्याकडे बघावं लागतं. ताठ मानेचा माणूस खांदे फिरवतो, खांदे फिरले की भार चुकीच्या पायावर जातो. हाडं का खायची? पडल्यावर मोडू नयेत म्हणून, आणि मोडली तर हंगामाच्या आत जुळावीत म्हणून. अशा नजरेने पाहिलं की ती विक्षिप्त वाटणारी यादी एका धंदेवाईक कारागिराच्या हत्यारांची निगा वाटू लागते. हा अर्थ त्यांनी सांगितलेला नाही, मी लावतोय. पण त्यांची सगळी गणितं पुढच्या हिवाळ्याशी जुळतात, हे नाकारणं कठीण आहे.

शास्त्राची साक्षही साधारण याच बाजूची आहे. वय वाढतं तसे आधी झडतात ते झटपट आखडणारे स्नायुतंतू. म्हणून म्हाताऱ्या माणसाची ताकद जेवढी घटते, त्याहून जास्त त्या ताकदीचा झटका घटतो. श्वासाची कमाल क्षमताही दर दशकाला साधारण दहा टक्क्यांनी खाली येते. पण ताणला जात असताना भार धरून ठेवायची, म्हणजे नेमकी वळणात लागणारी ताकद तुलनेने चिवट असते. म्हाताऱ्या स्कीबाजाला दगा देतात ती वळणं नव्हेत. अचानक समोर आलेला बर्फाचा उंचवटा, दुपारी थकल्यावर उशिरा सावरलेला पाय, सपाट उजेडात न दिसलेला खळगा, हे दगा देतात. त्यामुळे जोरात स्की करत राहायचं तर जिममध्ये जड वजन उचलून भागत नाही. वजन घेऊन सावकाश खाली बसणं, एका पायावर उभं राहणं, छोट्या उड्या मारणं, आणि सर्वांत अवघड म्हणजे शेवटची फेरी न मारता घरी जाणं. साल्झबर्ग विद्यापीठाने साठी ओलांडलेल्या लोकांना बारा आठवडे प्रशिक्षकाबरोबर स्की करायला लावून मोजमापं घेतली. पायांची ताकद आणि दमसास दोन्ही वाढलेले आढळले. केइझोंना हे कुणी सांगायची गरज नव्हती.

व्हॅले ब्लांशकडे जरा थांबून बघायला हवं. फ्रान्समधल्या शामोनीहून केबलकारने 3,842 मीटर उंच एग्वी द्यु मिदीला पोचायचं. तिथे बोगद्यातून बाहेर पडलं की स्की सुरूच होत नाही. आधी बर्फाची अरुंद धार उतरायची असते, कडक बुटांत, दोराला बांधून घेऊन, एका बाजूला शामोनीचं खोरं हजारो मीटर खाली. चांगले तरणेताठे लोक इथे गप्प होतात. त्यानंतर सुमारे वीस किलोमीटरची हिमनदी. ती भयंकर तीव्र नाही, पण लांब आहे, भेगांनी भरलेली आहे, आणि मधे दमलात तर तिथे बाक टाकलेला नसतो. 2003 सालच्या फेब्रुवारीत मुलगा आणि नातू सोबत घेऊन 99 वर्षांचे केइझो ती उतरले. पुढच्या वर्षी शंभरीत त्यांनी अमेरिकेत युटाच्या स्नोबर्डला चार पिढ्यांसह स्की केलं. 2006च्या जानेवारीत, 101व्या वर्षी ते गेले.

माझ्यापुरता निकाल स्पष्ट आहे. साउथ कोलवरून सुटलेला 37 वर्षांचा मुलगा आणि हिमनदीवर एकामागून एक वळणं जुळवत जाणारा 99 वर्षांचा बाप, यांत स्कीइंगची कलाकृती दुसरी आहे. पहिलीत नशीब 75 मीटरवर येऊन थांबतं. दुसरीत प्रत्येक वळण आधी कमावलेलं आहे.

युइचिरोंनी बापाकडून हे घेतलं, पण आपल्या तऱ्हेने. घोट्यांना वजनं बांधून, पाठीवर जड पिशवी टाकून टोकियोच्या रस्त्यांवर चालणं सुरू झालं. 2003च्या मेमध्ये सत्तरीत ते एव्हरेस्टच्या माथ्यावर पोचले. सोबत मुलगा गोता होता, जो दोन हिवाळी ऑलिम्पिकमध्ये मोगल्स, म्हणजे बर्फाच्या उंचवट्यांवरून उतरायचा स्कीचा प्रकार, खेळलेला. 2008मध्ये 75व्या वर्षी पुन्हा. 2009मध्ये स्की करताना पडून कंबरेचं आणि मांडीचं हाड मोडलं. हृदयाच्या ठोक्यांचा घोळ वारंवार, त्यावर शस्त्रक्रिया, त्यातली शेवटची निघायच्या काही महिने आधी. 23 मे 2013ला, 80व्या वर्षी, तिसऱ्यांदा माथा.

या तिसऱ्या चढाईतली मला आवडणारी गोष्ट म्हणजे तिचं वेळापत्रक. म्हाताऱ्याचं काम अर्ध्या दिवसाचं, असं जपानमध्ये म्हणतात. मिउरांनी ते शब्दशः घेतलं. अर्धा दिवस चालायचं, उरलेला अर्धा पडून राहायचं, आणि वाटेत इतरांपेक्षा जास्त मुक्काम. साडेआठ हजार मीटरवरच्या तंबूत त्यांनी समुद्री शेवाळात भात गुंडाळून सुशी खाल्ली, चहा केला. 1970चा माणूस हे हसण्यावारी नेता. परतताना 6,500 मीटरवरून ते हेलिकॉप्टरने उतरले, त्यावरून टीका झाली, आणि ती रास्तच होती. शिखर अर्धं असतं, असं गिर्यारोहकच सांगतात. ऑक्सिजन, शेर्पा, डॉक्टर, पैसा या सगळ्यांनी उचलून धरलेलं हे म्हातारपण आहे, आणि त्याचं अनुकरण करायला निघालेल्या मध्यमवर्गीय वाचकाने, गुलमर्गला जाऊन चाळिशीत स्की शिकणाऱ्या आपल्या मंडळींनी, आधी बिल बघावं. चावणं आणि चालणं मात्र फुकट आहे.

2019च्या जानेवारीत, 86व्या वर्षी, ते दक्षिण अमेरिकेतल्या अकोंकाग्वावर होते. माथा गाठून तिथून स्कीने उतरायचा बेत होता. सुमारे सहा हजार मीटरवर वारा थांबायची वाट बघत असताना मोहिमेच्या डॉक्टरांनी सांगितलं, हृदयाची खात्री देता येत नाही, आता खाली. मिउरांना पुढे जायचं होतं. वाद झाला. मग त्यांनी ऐकलं आणि खाली गेले, आणि गोता बाकीच्यांबरोबर माथ्यावर जाऊन आला.