स्वस्त मरण आणि सक्तीचा विमा

बाबुराव बागुलांचा 'मरण स्वस्त होत आहे' हा कथासंग्रह 1969 साली प्रसिद्ध झाला. वेदना, विद्रोह, नकार या शब्दांत आपण त्याची चर्चा करीत आलो. पण शीर्षकातला 'स्वस्त' हा शब्द बाजारातला आहे, याकडे आपल्या समीक्षेने पुरेसे लक्ष दिले नाही, असे मला वाटते. जे स्वस्त होते त्याला भाव असतो आणि तो भाव कोणीतरी ठरवीत असतो. हा भाव ठरवणारे लेखन आपण कधी वाचले आहे काय? ते कायद्याच्या परिशिष्टात आणि विम्याच्या पॉलिसीत सापडते. तेही एक वाङ्मयच आहे, आणि ते आपल्याच माणसांविषयी लिहिलेले आहे.

1923 सालच्या कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या परिशिष्टात पुढे सुधारणा होत गेल्या. त्यात माणसाच्या शरीराची यादी होती. अंगठा गेला तर कमाईची शक्ती 30 टक्के घटली असे धरायचे. तर्जनी पूर्ण गेली तर 14 टक्के, मधले बोट गेले तर 12. प्रथम वाचताना संताप येतो. माणूस असा वजनकाट्यावर टाकायचा काय? पण पुन्हा वाचले की दुसरी गोष्ट ध्यानात येते. या यादीत बोटाची जात विचारलेली नाही. एकलव्याच्या अंगठ्याला भाव नव्हता. त्याने तो 'स्वेच्छेने' दिला असे आपल्याला सांगण्यात आले.

1998 साली साकीनाक्याच्या एका गाळ्यात माझ्या वडिलांची तर्जनी पॉवर प्रेसखाली गेली. गाळ्यात माणसे आठ. वडिलांचे वय 35, पगार महिना 2000 रुपये. मालकाने रिक्षात घालून दवाखान्यात नेले, बिल भरले, पंधरा दिवसांचा पगार दिला आणि पुन्हा कामावर घेतले. वडील आजही म्हणतात, "मालक चांगला होता." पुढे मी महाविद्यालयात शिकवू लागल्यावर तो कायदा वाचला आणि हिशेब मांडला. पगाराचे 60 टक्के, गुणिले त्या वयाचा गुणक 197.06, त्याचे 14 टक्के. 33,106 रुपये होतात. ही रक्कम देणे मालकावर बंधनकारक होते. मात्र तेवढ्यासाठी विमा उतरवून ठेवण्याची सक्ती त्या कायद्यात नव्हती, आणि मागणारा दुसऱ्या दिवशी कामावर नसेल हे सर्वांना ठाऊक होते. त्याच प्रेसचा विमा मात्र होता. ते यंत्र कर्जाचे होते आणि बँकेने विम्याची सक्ती केली होती. यंत्रासाठी सक्ती करणारे कोणी होते, माणसासाठी कोणी नव्हते.

'मालक चांगला होता' हे वाक्य खोटे नाही, म्हणूनच ते घातक आहे. गावात बलुते म्हणायला हक्काचे, पण खळ्यावर पदरात किती पडायचे ते देणाऱ्याच्या मनावर असे. दया पवारांनी 1978 साली आपल्या आत्मकथनाला 'बलुतं' हे नाव दिले, तेव्हा वाट्याला आलेल्या जिण्याचाच तो शब्द झाला. आमचा बाप खळे सोडून गाळ्यात आला, पण हे 'मनावर असणे' त्याच्या मागोमाग मुंबईला आले. विम्याच्या भाषेत त्याला 'ऐच्छिक' म्हणतात.

बाबासाहेब 1942 ते 1946 या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात श्रमसदस्य होते. 1943 साली प्रा. बी. पी. आडारकर यांच्याकडे औद्योगिक कामगारांच्या आरोग्यविम्याची योजना आखण्याचे काम देण्यात आले, 1944 साली त्यांचा अहवाल आला. त्या वाटेने 1948 चा राज्य कामगार विमा कायदा झाला. तेव्हा श्रमखाते बाबू जगजीवनराम यांच्याकडे होते. या कायद्याचा गाभा सक्तीत आहे. मालकाने वर्गणी भरलीच पाहिजे. कामगाराने पैसे घ्यायचे ते महामंडळाकडून, मालकाच्या दारात उभे राहून नव्हे. सक्ती झाली म्हणजे सर्व झाले असेही नाही. 17 डिसेंबर 2018 रोजी अंधेरीच्या मरोळमधील कामगार रुग्णालयालाच आग लागली आणि उपचारासाठी आलेली माणसे दगावली. तरीही तेथे दाद मागायला एक यंत्रणा आहे. आठ माणसांच्या गाळ्यात तीही नाही, कारण अट दहा माणसांची आहे.

18 डिसेंबर 2017 रोजी पहाटे साकीनाक्याच्या खैरानी रोडवर फरसाणाच्या गाळ्याला आग लागली. 12 कामगार गेले. जिथे काम तिथेच झोप. कामामुळे आणि कामाच्या ओघात मृत्यू झाला तरच भरपाई, असे कायदा म्हणतो. म्हणजे झोपलेल्या माणसाची झोपही कामाचाच भाग होती हे वारसांनी सिद्ध करायचे! डिसेंबर 2019 मध्ये गोवंडीत एका इमारतीची सेप्टिक टाकी साफ करताना तीन माणसे मेली. त्यांच्या पत्नींना उच्च न्यायालयात जावे लागले. सप्टेंबर 2021 मध्ये प्रत्येकी 10 लाख देण्याचा आदेश झाला. गटारातल्या मृत्यूची ही रक्कम सर्वोच्च न्यायालयाने 2023 साली 30 लाख केली. भाव वाढला, पण टाकीत उतरणाऱ्यांची जात बदलली काय?

21 नोव्हेंबर 2025 पासून 1923 आणि 1948 चे हे दोन्ही कायदे सामाजिक सुरक्षा संहितेत सामावले गेले आहेत. दहाची अट कायम आहे. धोक्याच्या धंद्यांना सरकार अधिसूचना काढून एका माणसासाठीही ती लागू करू शकते. बाकीच्या लहान आस्थापनांनी मालक आणि बहुसंख्य कामगार राजी असतील तर स्वेच्छेने यावे, असे संहिता म्हणते. पुन्हा तोच शब्द!

काही मित्र म्हणतात, लहान मालकही आता आपल्यातला असतो, त्याच्यावर हा बोजा कशाला? मी उलट विचारतो, एका अपघाताची पूर्ण भरपाई पदरची भरावी लागली तर त्याचा गाळा उभा राहील काय? विम्याचा हप्ता त्यालाही वाचवतो.

आपल्या साहित्याने मरणाचे वर्णन केले, मारणाऱ्याला ओळखले. आता मरणाचा हिशेब वाचायलाही शिकले पाहिजे. दहाची अट जावी ही मागणी जितकी कामगार संघटनेची, तितकीच लेखकाचीही आहे. आठ माणसांच्या गाळ्यात तुटलेले बोटही 14 टक्क्यांचेच असते.