‘आंट’ या शब्दाचा पेच : वाइल्डच्या एका सुखात्मिकेविषयी

ऑस्कर वाइल्डची ‘द इम्पॉर्टन्स ऑफ बीइंग अर्नेस्ट’ ही सुखात्मिका १४ फेब्रुवारी १८९५ रोजी लंडनच्या सेंट जेम्स थिएटरात प्रथम रंगभूमीवर आली. ती मराठीत आणावयाचा विचार निघाला की चर्चा बहुधा शीर्षकातील श्लेषापाशीच अडते. ‘अर्नेस्ट’ हे विशेषनाम आणि ‘मनःपूर्वक, गंभीर वृत्तीचा’ या अर्थाचे विशेषण इंग्रजीत एकाच उच्चाराचे आहे. आपल्याकडे ‘सत्यवान’ हे नाव काहीसे जवळचे पडेल. मात्र त्याच्या मागोमाग सावित्रीही रंगमंचावर येईल. परंतु प्रस्तुत लेखकाच्या मते खरा पेच या श्लेषात नसून ‘आंट’ या साध्या नातेवाचक शब्दात आहे.

या नाटकाचा सारा व्यवहार नात्यांच्या शब्दांवर चालतो. जॅकपाशी बेलग्रेव्ह स्क्वेअरमधील घर आहे, वर्षास सात-आठ हजार पौंडांचे उत्पन्न आहे; नाहीत ते केवळ आईबाप. तान्हेपणी तो व्हिक्टोरिया स्टेशनच्या सामानघरात एका हातपिशवीत सापडला. त्यामुळे ग्वेन्डोलेनची आई लेडी ब्रॅकनेल त्यास निदान एक तरी पालक मिळविण्याचा सल्ला देते. या धनिक समाजात नाते हीदेखील संपादन करावयाची मिळकत आहे. जॅक एक खोटा भाऊ निर्माण करतो. त्याचा मित्र अल्जर्नन एक खोटा आजारी मित्र. आपल्या पालकत्वाखालील सेसिलीस जॅक ‘आंट’ ठरवू पाहतो आणि अविवाहित मिस प्रिझमला ‘आई’ म्हणून हाक मारतो. अखेर तो लेडी ब्रॅकनेलच्या बहिणीचा पुत्र व अल्जर्ननचा थोरला बंधू ठरतो. थाप म्हणून सांगितलेला भाऊ मित्राच्या रूपाने खरा निघतो, आणि विवाहाचा मार्ग मोकळा होतो.

मराठीत मात्र नेमका याच ठिकाणी तो बंद होतो. बहिणीच्या मुलाची ‘आंट’ म्हणजे मावशी. म्हणजे ग्वेन्डोलेन ही जॅकची मावसबहीण. महाराष्ट्रातील अनेक जातींत मामेबहिणीशी विवाह संमत असला, तरी मावसबहीण ही बहीणच होय. इरावती कर्वे यांच्या १९५३ मधील नातेव्यवस्थेवरील ग्रंथाच्या वाचकांस हा भेद परिचित आहे. इंग्रजीतील ‘कझिन’ हा शब्द तो पुसून टाकतो.

यावर सोपा उपाय म्हणजे लेडी ब्रॅकनेलला मामी करणे. मग ग्वेन्डोलेन मामेबहीण ठरेल आणि प्रेक्षक निर्धास्त होतील. परंतु त्यायोगे रक्ताचा धागा लॉर्ड ब्रॅकनेलच्या हाती जातो, आणि हा गृहस्थ तर संपूर्ण नाटकात रंगमंचावर येतच नाही. जिच्या शब्दावाचून कोणाचे लग्न ठरत नाही, ती बाई जॅकच्या जन्माच्या उलगड्यात केवळ नवऱ्याच्या नात्याने सहभागी होईल. ‘आंटी’ हा आज रुळलेला शब्द तर शेजारणीसही लागतो. त्याने प्रश्न सुटत नाही, झाकला जातो.

म्हणून अनुवादकाने लंडन लंडनच ठेवावे आणि ‘मावशी’ हाच शब्द योजावा. शेवटच्या आलिंगनाच्या वेळी मराठी प्रेक्षक किंचित चपापेल, हे खरे. परंतु नात्याचा शब्द बदलताच माणसाचे स्थान बदलते, हेच तर या नाटकाचे प्रतिपाद्य आहे. ते प्रेक्षकास स्वतःच्या भाषेत अनुभवता आले, तर श्लेष हरविल्याची खंत करण्याचे कारण उरणार नाही.