'बदक'ला टाळ्या किती?

पायलटसाठी उत्तरतालिका करताना मी 'बदक – ३ टाळ्या' असं लिहून मोकळा झालो होतो. बालवाडीतल्या एका मुलीने दोनच वाजवल्या: ब-दक. मी फुली मारली. संध्याकाळी रेकॉर्डिंग ऐकलं तेव्हा कळलं, चुकलो मीच. बोलताना शेवटच्या 'क'मधला 'अ' आपण उच्चारतच नाही.

शब्दाचे तुकडे मोजण्याच्या या चाचणीमागे इझाबेल लीबरमन आणि सहकाऱ्यांचा १९७४ चा अमेरिकेतला प्रयोग आहे. मुलांनी शब्द ऐकून टेबलावर ठोके द्यायचे. सिलॅबल मोजणं साधारण चार वर्षांच्या ४६ टक्के मुलांना जमलं, पाच वर्षांच्या ४८ टक्के आणि पहिलीतल्या ९० टक्के मुलांना. शेवटची झेप वयामुळे की वाचायला शिकल्यामुळे, हे या आकड्यांवरून ठरत नाही. आपण हा प्रयोग उद्धृत करतो, पण हा प्रश्न मागे सोडून देतो.

मराठीत तो जास्तच अडचणीचा आहे. सिलॅबललाही आपण 'अक्षर' म्हणतो आणि फळ्यावरच्या 'क'लाही. घोळ इथेच होतो. 'घर' लिहिताना दोन अक्षरं, कानाला एकच तुकडा. 'खिडकी' लिहिताना तीन, बोलताना खिड-की. म्हणजे लिपीप्रमाणे केलेल्या तालिकेत कान चांगला असलेलं मूल नापास होतं आणि मुळाक्षरं गिरवलेलं मूल पास. अहवालात मात्र आपण लिहिणार, 'ध्वनिभान वाढलं'. वाढलं काय, तर लिपीची ओळख!

अक्षरं मोजणं निरुपयोगी आहे असं मी म्हणत नाही. देवनागरी वाचायला ते लागतंच. पण ते वेगळं कौशल्य आहे, त्याला वेगळा रकाना द्या.

तुम्ही असं साधन करत असाल तर 'मासा', 'बाहुली' यांसारखे दोन्ही मोजण्या जुळणारे शब्द घ्या, आणि 'कमळ', 'पुस्तक' यांसारखे न जुळणारेही. दोघांचे गुण वेगळे ठेवा. शब्द एका दमात, नेहमीसारखा म्हणा, 'क...म...ळ' असं तोडून म्हटलंत तर उत्तर तुम्हीच सांगितलंत. मुलाला किती अक्षरं वाचता येतात तेही नोंदवा.

ती फुली मी खोडली. तालिका अजून दुरुस्त करतोय.