गिटार रडण्याआधी

२५ जुलै १९६८. लंडनच्या ॲबे रोड स्टुडिओत जॉर्ज हॅरिसन जवळजवळ एकट्यानेच ‘व्हाइल माय गिटार जेंटली वीप्स’ गातो. ॲकूस्टिक गिटार आणि मागे पॉल मॅकार्टनीची हार्मोनियम, बस्स. हे ध्वनिमुद्रण अधिकृतपणे आलं ते थेट १९९६ साली, ‘अँथॉलॉजी ३’मध्ये. तेव्हापासून ‘खरं गाणं हेच’ असं म्हणणारे रसिक भेटत राहतात. मूळ म्हणजे जुनं, हा समज अनुवादकांना चांगलाच परिचयाचा आहे. मला तो इथे पटत नाही.

कारण या पहिल्या खर्ड्यात गिटार रडतच नाही. बोटांनी छेडलेल्या तारा संयत आहेत, जवळजवळ कोरड्या. दुःखाचा सगळा भार शब्दांवर पडतो. म्हणूनच इथे शेवटी एक जादा कडवं लागतं: समोरचं नाटक नुसतं बघत बसलेला, वय वाढत चाललेला माणूस. प्रकाशित गाण्यात ते कडवं नाही, आणि त्याची उणीवही भासत नाही. ६ सप्टेंबरला एरिक क्लॅप्टनने वाजवलेले ताणलेले, थरथरते सूर तेच काम करतात.

मराठीत मी क्लॅप्टनच्या गिटारला ‘स्फुंदते’ म्हणेन. हॅरिसनच्या गिटारचे फक्त डोळे भरून येतात.

२००६च्या ‘लव्ह’मध्ये जॉर्ज मार्टिन यांनी याच खर्ड्यावर व्हायोलिन-चेलोंचा साज चढवला. साज सुरेख आहे, पण त्याने भरून आलेले डोळे वाहू लागतात.